अक्कानं न सांगितलेला आकडा

बावीस वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी, तिसरा शनिवार, सकाळचे दहा. जागा विहाराचा ओटा. गावच्या दूध संस्थेचे सभासद एकोणतीस, हजर तेवीस. ठराव एकच होता: संस्थेकडे राखणीला असलेल्या दीडशे एकर डोंगरावर तीन वर्षं चराईबंदी, आणि बंदी मोडल्यास दर जनावरामागे दहा रुपये दंड. सचिव या नात्यानं मी ठराव वाचला. तेवीस हात वर झाले. तेवढ्यात ओट्याच्या कडेला घोंगडी टाकून बसलेली, सभासद नसलेली आणि कुणी न बोलावलेली एक बाई म्हणाली, "आन् मेंढ्या मोजनार कोन?"

ती अक्का. पलीकडच्या वाडीतली मेंढपाळीण. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा ट्रकवर, आणि कळप तिचा आणि सुनेचा. ठरावात 'दर जनावरामागे' हे शब्द मी घातले होते. त्या शब्दांनी मला पुढं किती छळलं, ते सांगायला मी आज बसलो आहे.

अक्का आपल्या मेंढ्यांची संख्या कधीही, कुणालाही सांगत नसे. लस टोचायला आलेल्या डॉक्टरालासुद्धा नाही.

"अक्का, मेंढ्या किती?"

"हायेत की."

"हायेत, पण किती?"

"जेवढ्या हायेत तेवढ्या."

"अगं, शंभर हायेत का पन्नास?"

"मोजल्या की घटत्यात, शेकटरी. तुला कावून पायजे माज्या मेंढ्या घटवायला?"

मी आकड्यांचा माणूस आहे. घरातली गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली, ते स्वयंपाकघराच्या दारामागं लिहिलेलं असतं. संस्थेच्या तेव्हाच्या एक्केचाळीस गाईंपैकी कोणती किती लिटरवर होती, ते मी झोपेत सांगेन. अशा माणसापुढं बसून 'जेवढ्या हायेत तेवढ्या' म्हणणं हा मला सरळसरळ अपमान वाटायचा. तोंडावर तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तू तुज्या घरची लेकरं रोज मोजून झोपतो का?"

आता एवढं असून एकसुद्धा मेंढी हरवलेली तिला कळत नसेल, असं कुणी समजू नये. एकदा मी डेअरीच्या दारात उभा असताना कळप समोरून गेला. अक्कानं एकदाच नजर फिरवली आणि सुनेला म्हणाली, "बायडे, भोरी कुटं हाय?" बायडा ओढ्याकडं पळाली. भोरी घाणेरीच्या जाळीत लोकर अडकून उभी होती. मी अक्काला विचारलं, "न मोजता कसं कळलं?" तिनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "तिच्या जागंला ती न्हवती," म्हणाली.

चराईबंदी काही हौसेनं केली नव्हती. सलग दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं होतं. खाली माजलगावच्या कालव्यावर ऊस डोलत होता, आमच्याकडं बालाघाटाचा उघडा डोंगर होता. डोंगरावर गवत नाही, म्हणून पाणी थांबत नाही. पाणी थांबत नाही, म्हणून विहिरी आटतात. विहिरी आटल्या, की गाई विकायच्या आणि कोयता घेऊन त्याच उसात जायचं. संस्थेनं श्रमदानानं चर खोदले आणि डोंगर बंद केला. दर सोमवारी मी दोरीला दगड बांधून संस्थेच्या विहिरीचं पाणी मोजत असे. पहिल्या वर्षी दीड पुरुष खोल होतं, दुसऱ्या वर्षी पावणेतीन. गवत कमरेला लागलं. विळ्यानं कापून डोक्यावर आणायचं, असा नियम होता, आणि जेवढं खालच्या अंगाला होतं तेवढं कापलंही जाई. वर, चढाला, कोण जाणार? तिथं ते उभंच वाळायचं. आमचे चेअरमन पाहुण्यांना ते लांबून दाखवायचे.

अक्काला ते पाहवत नसे. "उबं वाळलेलं गवत कुनाचंच न्हाई," ती म्हणायची. "गाईचं न्हाई, मेंढीचं न्हाई, डोंगराचंबी न्हाई. खालून नवा कोंब येयाला त्येला ऊन तर दिसूंद्या." तिची मागणी एवढीच होती, की कुसळं गळून बी मातीत पडलं, की एकेका पट्ट्यात चार दिवस मेंढ्या फिरू द्याव्यात, मग तो पट्टा वर्षभर सोडून द्यावा. "मेंढीचा खूर म्हंजी डोंगराची पाभर हाय. बी दाबतीय, वरून लेंडी टाकतीय. तुमी पेरनीला पैसं देता, हितं फुकट व्हतंय तर दंड लावता."

चेअरमन म्हणाले, "मेंढी मुळासकट खाते, अक्का."

"रोज तितंच बांदून ठिवला तर मानूसबी मुळासकट खाईल," अक्का म्हणाली.

माझ्याकडं छापील माहितीपत्रक होतं. त्यात चराईबंदी असं स्पष्ट लिहिलं होतं. मेंढीच्या खुराचा उल्लेख नव्हता. मी तिला तसं सांगितलं. त्या दिवसापासून ती रागावली की मला 'तुमी' म्हणायला लागली.

आणि नियम पाळण्याचं म्हणाल, तर तेवीस हात वर करणाऱ्यांचं काय झालं, तेही सांगतो. प्रत्येकाला बंदी हवी होती, फक्त दुसऱ्याच्या जनावराला. चेअरमनचं वासरू 'चुकून' आत जायचं आणि पोट भरल्यावर न चुकता घरी यायचं. एका दुपारी अक्का डेअरीत आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, "शेकटरी, तुमच्या दोन शेळ्या डोंगराच्या पायथ्याला बांदल्यात. वास घ्यायला बांदल्यात का?" घरी जाऊन विचारलं. बायको म्हणाली, "दोनच तर हायेत. दोन शेळ्यांनी डोंगर संपतो व्हय?" मी संस्थेत वीस रुपये भरले आणि स्वतःच्या नावानं पावती फाडली. दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. तीन वर्षांत चराईचा पूर्ण वसूल झालेला दंड तो एकच.

बंदीमुळं अक्काला दिवाळीनंतर लगेच कळप घेऊन खाली उसाच्या रानात उतरावं लागे. पूर्वी ती गुढीपाडव्यापर्यंत डोंगरावर काढायची. दुसऱ्या वर्षी परत आली तेव्हा चेहरा उतरलेला. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "उसाचं फवारलेलं वाडं खाल्लं. चांदीचं गेलं, लंगडीचं गेलं, कानतुटीचं गेलं, भोरीचंबी गेलं." मी बोटं दुमडली. चार कोकरं. तिनं तोंडातून चार हा शब्द काढला नाही.

तिसऱ्या वर्षी ती खाली गेलीच नाही. संस्थेच्या राखणदारानं येऊन सांगितलं, की चढाच्या मधोमध, डोंगराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, अक्कानं आडवा पट्टा चारला आहे. मी वही घेऊन वर गेलो. दंड लावायचा, तर संख्या हवी. पहिल्यांदा मोजल्या, चौऱ्याऐंशी. दुसऱ्यांदा एक्याऐंशी. तिसऱ्यांदा शहाऐंशी. मेंढ्या एका जागी उभ्या राहत नाहीत, आणि अक्का मुद्दाम मधून चालत होती.

"अक्का, आकडा सांग आन् मोकळी हो."

"दंड लावा की तुमी. मी न्हाई म्हनले का?"

"कितीचा लावू?"

"ते तुमचं काम हाय, शेकटरी. माजं न्हाई."

चेअरमन म्हणाले, "नव्वद लिहा." मी लिहिलं नाही. जे मोजलं नाही ते मी लिहीत नाही. रकाना कोरा राहिला, आणि कोऱ्या रकान्यावर दंड बसत नाही. चेअरमन माझ्यावर चिडले, मी अक्कावर चिडलो. शेवटी असं ठरलं, की येत्या रविवारच्या सभेत अक्काला आमच्या शिवारातच बंदी करायची. म्हणजे डोंगर नाही, ओढा नाही, पाणवठाही नाही. तसं झालं असतं, तर तिला कळप विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे मला कळत होतं. तरी सभेची सूचना मीच माझ्या अक्षरात लिहिली.

गुरुवारी दुपारी डोंगर पेटला.

कुणाची बिडी, कुणाची चूल, शेवटपर्यंत कळलं नाही. पट्ट्याच्या खालचं, पश्चिमेच्या अंगाचं तीन वर्षांचं उभं वाळलेलं गवत होतं. वारा खालून वर. आम्ही ओली पोती आणि कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन पळालो, पण माणसाएवढ्या जाळाजवळ कुणाला उभंच राहता येईना. पायथ्याचं कापून संपत आलं होतं; वर पूर्वेच्या अंगाला जे गवत होतं, त्यावर आमच्या गाईंचा उन्हाळा काढायचा होता. ते गेलं म्हणजे गाई गेल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जाळ अक्काच्या पट्ट्यापर्यंत आला आणि बसला. तिथं बोटभर खुंटं होती आणि लेंड्या होत्या, जळायला दुसरं काही नव्हतंच. राहिलेला जाळ आम्ही डहाळ्यांनी झोडून विझवला. अक्का आमच्याबरोबर झोडत होती. तिच्या घोंगडीचं एक टोक जळालं होतं.

मी पट्टा पावलांनी मोजला. रुंदी अडतीस पावलं. अक्का शेजारी येऊन उभी राहिली. मी वाट बघत होतो, की आता ही बोलणार, मी सांगितलं होतं म्हणणार, आणि मला ऐकून घ्यावं लागणार. ती एवढंच म्हणाली, "मोजलं का? लिवून ठिवा."

रविवारची सभा झाली. हजर एकोणतीस. तीन तासांच्या वादानंतर अक्काची पट्ट्यांची पद्धत मान्य झाली. वाटलं, सुटलो. मग कुणीतरी म्हणालं, चारणी किती घ्यायची? दर मेंढीमागे दोन रुपये? सगळे अक्काकडं बघायला लागले, आणि अक्का वर पिंपळाकडं. मी कपाळाला हात लावला. शेवटी तोडगा तिनंच काढला. संस्थेच्या हिरव्या घासाच्या तुकड्यात ती रात्री खतासाठी मेंढ्या बसवील. चारणी आणि बसवणी फिटंफाट. मी लिहायला लागलो, तर म्हणाली, "फिटंफाट, पन दर मुक्कामाला दोन पायल्या जवारी द्यायची. रिकाम्या पदरानं मेंढ्या बसवत न्हाईत." याला फिटंफाट म्हणत नाहीत, असं मी तिला हिशेब करून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि ज्वारी घेतली.

त्यानंतर दर मार्गशीर्षात एक प्रकार मी बघत आलो. पट्टा उघडायच्या आधी अक्का घोंगडीचं जळकं टोक गवतावरून ओढत जायची. कुसळं चिकटली, की परत फिरायची: "आजून गळाली न्हाईत. आठ दिसांनी." मी म्हणायचो, ठरावात तारीख लिहिली आहे. ती म्हणायची, "ठराव गवताला वाचून दाखिवला का?" आठ वर्षांत ठरावातली तारीख एकदाही पाळली गेली नाही. विहिरीचं पाणी मात्र सव्वातीन पुरुषांच्या खाली गेलं नाही.

मग पुन्हा तसलं वर्ष आलं. मृगात शिंतडलं, नंतर आभाळ कोरडं. मार्गशीर्षात अक्का घोंगडी ओढत गेली. कुसळ एकही चिकटलं नाही. मी म्हणालो, "चला, औंदा लवकर गळाली." ती खाली बसली, गवताच्या एका बुडख्याभोवतीची माती बोटांनी उकरली, चाळली, दुसऱ्या बुडख्याची चाळली.

"गळाली न्हाईत, बाबा. धरलीच न्हाईत. मातीत बी न्हाई. औंदा डोंगराला हात लावायचा न्हाई."

"मग मेंढ्या?"

"खाली नेते."

मी भांडलो. खालचं फवारलेलं रान, मागची कोकरं, तिचं वय, गुडघे, सगळं काढलं. संस्थेनं हक्क दिला आहे, सभासदांनी एकमतानं दिला आहे, मग बाई मोडता का घालते? इतकी वर्षं या डोंगरासाठी माझं डोकं खाल्लं आणि आता उघडा आहे तर येत नाही! "आवरा आता," ती म्हणाली. 'तुमी'वर आली, म्हणून मी वही मिटली. निघताना वळून म्हणाली, "गाईवाल्यांनाबी कापू दिऊ नको. तुज्या बायकूच्या शेळ्या दावनीलाच ठिव."

त्या वर्षी कुणी कापलं नाही. मी रोज वर जाऊन बघत होतो. बारा गाई विकाव्या लागल्या, एकोणतीस राहिल्या.

अक्का परत आली नाही. माजलगावच्या अलीकडं, उसाच्या एका फडाच्या कडेला तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी गेली. मला नऊ दिवसांनी कळलं. पुढच्या पावसानंतर डोंगरावर बुडखे फुटले, आणि मार्गशीर्षात बायडा कळप घेऊन आली. तिच्या हातात तीच घोंगडी होती.

ऑडिटर दरवर्षी त्या एका रकान्यावर बोट ठेवतात. "मेंढ्यांची संख्या?" मी म्हणतो, "जेवढ्या आहेत तेवढ्या." ते शेरा मारतात, मी सही करतो.

गेल्या मार्गशीर्षातली नोंद अशी आहे. घासाच्या तुकड्यात पाच मुक्काम, दर मुक्कामी दोन पायल्या. सवयीनं मी विचारलं, "बायडा, किती हायेत?" ती हसली नाही. "हायेत की, भाऊजी," म्हणाली. एकूण दहा पायल्या ज्वारी दिली. मिळाल्याची सही बायडाची आहे.