समोरची सीट

माझ्या नवऱ्याची जीप आहे. कामरगाव ते कारंजा, दिवसातून चार-पाच फेऱ्या. साऱ्या गावाला तो फिरवतो आणि त्याची बायको बारा वर्षांत कुठं गेली नाही, कारण मला गाडी लागते. माहेर शेलूबाजारला, तेवढ्या रस्त्यात मी तीनदा जीप थांबवायला लावते. म्हणून घरचे लोणारला गेले, माहूरला गेले, शेगावला तर दरवर्षी जातात, आणि मी डबा बांधून देऊन दारात उभी. "तुमी जा, मी घर पाहतो." हे मी इतक्यांदा म्हटलंय, की आता माझ्याआधी दुसरेच म्हणून टाकतात.

मागच्या भादव्यात पोरांनी मोबाइलवर मेळघाटातले धबधबे पाहिले आणि अंगणात लोळण घेतली. रविवारी ओसरीवर बैठक बसली. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातली सफारी पावसाळ्यात बंद, ती सुरू होईस्तोवर धबधब्यांचं पाणी ओसरतं. तेव्हा वाघ राहू दे, पाणीच पाहू, असं ठरलं. पहाटे पाचला निघायचं, परतवाड्याला चहा, मग घाट चढून चिखलदरा, अंधार पडायच्या आत परत. नवरा पोराच्या वहीवर कोण कुठं बसणार ते लिहायला लागला. समोर ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा. खिडकीत मामाजी, म्हणजे माझे सासरे, मधे आमचा मुलगा. मामाजींची ती जागा ठरलेली. घरातला मोठा माणूस, त्याचा मान. लग्नाला निघा की दवाखान्यात, ते मागं बसलेले कोणी पाहिले नाहीत.

"पुऱ्या जास्त कर व," सासूबाई मला म्हणाल्या. "अन् म्हशीचं तू पाहशीनच."

झालं! माझं डोकंच सणकलं. म्हशीचं शेजारची खाला पाहणार होती, तिनं सकाळीच आपणहून सांगितलं होतं. आणि दुसरी एक गोष्ट मी महिनाभर पोटात ठेवली होती. त्याआधीच्या महिन्यात नवऱ्यासोबत एकटी कारंजाला गेले, समोर खिडकीत बसून, आणि जाता-येता काही म्हणजे काही झालं नाही! डोळे रस्त्यावर, तोंडावर वारा. मागच्या बाकड्यावर आडवं बसून पोट ढवळतं, समोर नाही. पण हे सांगणार कसं? समोर म्हणजे मामाजींची जागा. आणि मधे बसायचं तर सासऱ्याच्या खांद्याला खांदा लावून. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खाटेवर टेकत नाही.

"मीबी येतो," मी म्हणाले. "मले समोर बसू द्या. समोर बसलं की मले लागत नाई."

"काय बोलून राह्यली तू?" सासूबाई म्हणाल्या. "ते कुठी बसतीन मंग? तू त्यायच्या बाजूले बसशीन?" नवऱ्यानं वहीत असं तोंड घातलं, जसा काही उद्या पेपर आहे. बायकोसाठी एक शब्द निघेल तर शपथ! मला रडू यायला लागलं, रागाचं.

मामाजी उठले. चपला घालून अंगणात उभ्या जीपकडे गेले. मला वाटलं, संपलं. आता सहल रद्द आणि वर्षभर टोमणे. ते समोरचं दार उघडून आत बसले आणि सरकत सरकत मधे गेले. गिअरला गुडघा आपटला.

"इकडं ये व पोरी," त्यांनी हाक मारली. "बसून पाह, जागा होते का."

मी पदर सावरून काठावर टेकले. दार उघडंच ठेवलं. त्यांनी ओसरीकडे एकदा पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"मलेबी लागते गाडी. लहानपनापासून. बैलगाडीतबी लागे."

"मंग कोनाले काहून नाई सांगतलं, मामाजी?"

"ड्रायव्हरच्या बापाले गाडी लागते, हे काय सांगायची गोष्ट हाय? सारे मान म्हनून समोर बसवतत, मी बसतो. तुले मांगं बसून ओकतानी पाह्यलं की मले वाईट वाटे. पन तोंड नाई उघडलं. चुकलं माह्यं."

"मंग खिडकी तुमीच घ्या ना."

"नाई, तू घे. तू पयल्यानं चालली." मग जरा विचार करून म्हणाले, "घाटात झालंच तं दोघंबी ओकू."

मला हसू आवरेना. सासऱ्यासमोर तोंडावर पदर न घेता, खदखदून. तेही हसायला लागले, सीट हलेपर्यंत. "काय झालं वं?" सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "काय झालं?" आणि आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.