मॅडम, सुई मानेतच का?

जनावरांच्या दवाखान्यातली औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. बारामती-इंदापूर पट्ट्यात गोठ्यागोठ्यातून फिरताना एखादा तरी नवा अंगाला चिकटतोच.

सगळ्यात जुना प्रश्न. "मॅडम, माणसाला कंबरंत देत्यात, मग म्हशीला मानंत का?" मी सांगते, मागे पुठ्ठ्यात सुई नसेला लागली तर जनावर लंगडतं. शिवाय मागे लाथ असते! इंदापूरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "म्हंजी सोय तुमची, नाव म्हशीचं!"

जनावर दचकू नये म्हणून आम्ही आधी मानेवर दोन थापा मारतो आणि तिसरीबरोबर सुई टोचतो. एका बैलाने हे ओळखलं. दुसरी थाप पडली की शिंग फिरलंच! त्याचा मालक माझ्यावरच उखडला. "तुमच्या पायी त्याला परेमानं थोपटायची सोय न्हाय. परवा सासऱ्यांनी कौतुकानं थोपटलं."

"मग?"

"मग काय, आजून बरगड्या शेकत्यात!"

शेळ्यांची लस कातडीखाली जाते. कातडी चिमटीत उचलायची, सुई तिरकी घालायची, झालं. अवघड असतं ते कुठली टोचली हे लक्षात ठेवणं. मोरगावात खुणेचा रंग संपला, म्हणून मालकाला म्हटलं, "टोचलेल्या शेळीला गुलाल लावा." हात धुऊन येते तर सगळा कळप गुलाबी! एकमेकींना अंग घासून मोकळ्या. माझं डोकंच फिरलं. मालक मात्र खुशीत. "मॅडम, राहिलेल्याबी निवडून आल्या!"

आणि पिंपळीचे तात्या. त्यांची गाय व्यायली आणि आडवी झाली. कान गार, मान पोटाशी वळलेली. कॅल्शियम कमी पडलं होतं. ते मानेच्या शिरेतून द्यायचं, तेही सावकाश. घाई केली तर हृदय बंद पडतं. बाटली तात्यांच्या हातात दिली; ती जितकी उंच, तितकं औषध वेगात. डोकं धरायला कोणी नव्हतं. शेजारच्या घरातून त्यांचे थोरले भाऊ आबा आले आणि मुकाट्याने शिंगं धरून बसले. बांधावरच्या लिंबावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद.

मी गाईच्या छातीला नळी लावून ऐकत होते. ठोका चुकायला लागला. मी ओरडले,

"हळू! बाटली खाली!"

तात्यांना भीतीने काही ऐकूच येईना. तेव्हा आबा गाईला म्हणाले, "गाये, तुझ्या मालकाला सांग, बाटली खाली घे म्हनावं."

बाटली खाली आली.

आता तात्याही गाईलाच म्हणाले, "गाये, त्यास्नी सांग, मान सरळ धरा म्हनावं."

मान सरळ झाली. ठोका सावरला. बाटली संपेपर्यंत दोघं गाईशीच बोलत होते. शेवटी तिने ढेकर दिला, शेण टाकलं, धडपडत उठली आणि गव्हाणीकडे निघून गेली.

दोघं समोरासमोर बसून राहिले. मधे कोणीच नव्हतं.

आबांनी घसा खाकरला. "चा टाकायला सांगतूस का न्हाय?"