उजव्या पायाचा अँकलेट

वर्ध्याजवळच्या सेलूच्या एका कॉलेजात मी कारकून आहे. जुन्या सैनिकांच्या पायांवरचे पट्टे गोळा करायचा मला नाद आहे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या, आणि पुढे त्यांच्या जागी आलेले जाड कॅनव्हासचे अँकलेट, जे बुटाच्या वर बांधून बाजूच्या दोन बकलांनी आवळतात. घरात या सगळ्याचं एक कपाट आहे. बायको त्याला ‘तुमचं फडकं-भांडार’ म्हणते. पण एखादा पट्टा हातात आला की तो कुठला, कधीचा, हे मी सांगू शकतो, आणि मला त्याचा गर्व होता.

केळझरच्या पलीकडे एका गावात एक बाई आहेत, पंचाहत्तरीच्या. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आले, नंतर आयुष्यभर शेती केली. त्यांचे अँकलेट बाईंनी जपून ठेवले होते. मला कळलं तसा मी मोटरसायकल काढून गेलो आणि विकत मागितले.

‘‘बाबाचे आहेत जी, इकायचे नाई,’’ त्या म्हणाल्या.

मी आणखी दोनदा गेलो. त्यांनी दोन्ही वेळा चहा दिला आणि नाही म्हटलं. वस्तू हातात घेऊन बघूसुद्धा दिली नाही. मी वरवर हसलो, पण ते मनात राहिलं.

त्या गावच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला ते अँकलेट टेबलावर मांडतात, झेंडूचा हार घालतात. एके वर्षी मुख्याध्यापकांनी मला पाच मिनिटं बोलायला बोलावलं. म्हणाले, ‘‘तुमचा अभ्यास आहे, पोरांना माहिती द्या.’’ समोर मुलं, शिक्षक, सरपंच, गावातली चाळीस-पन्नास माणसं. पहिल्या रांगेत खुर्चीवर बाई, नवं पातळ नेसून.

बोलता बोलता मी हार बाजूला सारून उजव्या पायाचा अँकलेट उचलला आणि उलटा केला. आतला शिक्का पुसट होता, पण वाचता येत होता. साल युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यानंतरचं. बकलंही पितळी नव्हती, रंग दिलेली लोखंडी होती, पोलिसांना देत तशी.

मला गप्प बसता आलं असतं. मुलांना पट्टा कसा बांधतात ते दाखवून खाली उतरता आलं असतं. पण त्या क्षणी मला आनंद झाला. ज्या वस्तूला मला हात लावू दिला नव्हता, ती खोटी निघाली याचा आनंद.

‘‘हा युद्धातला नाही,’’ मी माइकवर म्हणालो. ‘‘हा पोलिसांचा आहे. खूप नंतरचा.’’

मागून कोणीतरी ओरडलं, ‘‘म्हंजे बुढा लढाईत गेलताच नाई का?’’ लोक हसले. सरपंचही हसले. मी त्यांना थांबवलं नाही. कार्यक्रम संपल्यावर बाई उठल्या, हार काढून टेबलावर ठेवला, दोन्ही अँकलेट पिशवीत घातले आणि बुंदीची पुडी न घेता निघून गेल्या.

घरी येऊन मी आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं रंगवून लिहिलं. अंगठे आले. अमरावतीच्या एकाने विचारलं, ‘‘डावा पण पाहिला ना?’’

मी ‘हो’ लिहिलं. डावा मी पाहिलाच नव्हता. डावा-उजवा वेगळा असतो, दोन्ही स्वतंत्र तपासायचे, हे मीच नव्या लोकांना शिकवतो.

आठ दिवस मी ते खोटं घेऊन कामावर गेलो-आलो. नवव्या दिवशी गावात गेलो. बाई अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होत्या.

‘‘मावशी, चुकलं माझं. मले डावा पाहू द्याल का?’’

त्या उठल्या. आत जाऊन पिशवी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. डाव्याचं कापड विटून मऊ झालेलं, बकलं पितळी. आत सरकारी मालावरची बाणाची खूण आणि युद्धातलं साल. त्याखाली काळ्या शाईने हाताने लिहिलेले चार आकडे.

‘‘बाबाचा लंबर होय तो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उजवा गोठ्यात जळला. मी लहान होती, गोठ्याले आग लागली तवा. मंग शाळेवाल्यांनं झेंड्याले बोलावलं. बाबा म्हणे, एक पाय उघडा ठेवून मी सलामी देत नाई. वर्ध्याले पायी गेला, एका पोलीस शिपायाले टोपलंभर संत्री देल्ली अन् त्याचा जुना घेऊन आला.’’

‘‘तुम्ही त्या दिवशी सांगितलं काऊन नाई?’’

‘‘तुम्ही मले इचारलं का?’’

 माझ्या हातात तो डावा पट्टा अजून होता आणि तो खाली ठेवायचं भान मला राहिलं नव्हतं. त्यांनी ते पाहिलं. ‘‘घेऊन जा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमाले पाह्यजेच होते न. इथं आता कोणी मांडणार नाई त्याले.’’

मी नको म्हणालो, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. एकदाच म्हणालो, हळू आवाजात, आणि पिशवी घेतली. सेलूपर्यंत ती हँडलला हेलकावत होती.

कपाटात दोन्ही अँकलेटना जागा केली, पण चिठ्ठी लिहिता आली नाही. प्रत्येक वस्तूपुढे ती कशी मिळाली हे मी लिहितो. महिन्याभराने परत द्यायला गेलो, तर बाईंनी दार अर्धंच उघडलं. ‘‘देल्लेली वस्तू मी वापस घेत नाई, भाऊ.’’

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी स्वतःहून मुख्याध्यापकांकडे पाच मिनिटं मागितली. दोन्ही अँकलेट टेबलावर ठेवले. डाव्याचा शिक्का दाखवला, गोठ्याची आग सांगितली, संत्र्यांची टोपली सांगितली, आणि गेल्या वर्षी मी चुकीचं बोललो हेही सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तशा त्या त्यांनी आधीच्या नाचालाही वाजवल्या होत्या. बाई आल्या नव्हत्या.

तिथून सरळ त्यांच्याकडे गेलो. त्या ओसरीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काय काय बोललो ते.

‘‘सरपंच होता का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही. ते तालुक्याला गेले होते.’’

‘‘अन् तो मांगून बोंबलला होता, तो?’’

‘‘दिसला नाही.’’

‘‘मंग ऐकलं कोणं?’’

 त्यांनी रागाने विचारलं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, ‘‘मुलांनी ऐकलं.’’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि आत गेल्या. मी अँकलेटची पिशवी पुन्हा हँडलला अडकवली आणि गाडी सुरू केली.