नावाच्या जागी

हे गेले, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी लीड्समधल्या एका लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागले. घरात दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नसे. तिथे मला काम मिळालं ते तीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या एका पुस्तकविक्रेत्याने छापवून घेतलेल्या पुस्तकांची यादी करण्याचं. प्रवचनं, पंचांगं, स्वयंपाकाची पुस्तकं. एक तर घोड्यांच्या औषधांवरचंही होतं. ते पाहून हे खूप हसले असते. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, तळाशी, त्याचं नाव आणि दुकानाचा पत्ता असायचा.

एका मंगळवारी हातात आलेल्या पुस्तकावर पत्ता तोच होता, पण नाव बदललं होतं. ‘त्याची विधवा’ एवढंच छापलेलं. पुढची सगळी पुस्तकं तशीच.

“हिचं नाव काय होतं?” मी लायब्ररियनबाईंना विचारलं.

“कुठेच सापडत नाही. तो रकाना रिकामा ठेवा.”

मी ठेवला. घरी आल्या आल्या क्रॉयडनला मुलाला फोन लावला आणि त्या बाईने एकटीने दुकान कसं चालवलं असेल, ते सांगू लागले.

“आई, मीटिंगमध्ये आहे गं. वीकेंडला बोलू?”

“बोलू,” म्हटलं, आणि कोट अंगावर तसाच ठेवून कितीतरी वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले.