माझ्या मरणाचं बक्षीस सुनेला

धाराशिवच्या हॉलमध्ये माझ्या सुनेचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. बक्षीस उत्कृष्ट अभिनयाचं होतं, आणि अभिनय कसला, तर माझ्या मढ्यापुढं रडण्याचा. मी जिवंत, तिसऱ्या रांगेत, गार पडलेला चहा हातात धरून. ही बाई इतकं चांगलं खोटं रडते, म्हणजे मी फसले, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कशी फसले ते सांगते.

मुरुमजवळच्या आमच्या गावात एका घरात दोन चुली होत्या. सुनेचा गॅस स्वयंपाकघरात आणि माझी मातीची चूल मागच्या पडवीत. हे लोण्यावरून झालं. तेव्हा दारात म्हैस होती. सुनेचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला, आणि त्याच दिवशी शिंक्यावरचं लोण्याचं गाडगं रिकामं निघालं. सून म्हणाली मांजरानं खाल्लं. मी म्हटलं, शिंक्यापर्यंत कुठलं मांजर चढतं? तिचं माहेर कर्नाटकात, आळंदच्या बाजूला. लोणी तिकडं गेलं असं मी धरलं आणि तसं तोंडावर बोलले. त्या संध्याकाळी पडवीत तीन दगड मांडले, पुढं नीट चूल लिंपली. मुलगा डाळमिलमध्ये कामाला जातो. तो आमच्या भांडणात कधीच पडत नाही.

बरीच वर्षं असं चाललं. मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि धूर सोसेना. भाकरी करपायला लागली. आज ना उद्या तिच्या हातचं खावं लागणार हे मला दिसत होतं. ज्या माणसावर भरवसा नाही त्यानं वाढलेलं म्हातारपणी खायचं, याची मला मरणापेक्षा जास्त धास्ती होती.

अशात आमच्या शाळेचे मास्तर आले. मास्तर भूमकडचे. दरवर्षी मोबाइलवर एक छोटा पिक्चर काढतात आणि धाराशिवला स्पर्धेला पाठवतात. दरवर्षी हात हलवत परत येतात. यंदाच्या पिक्चरमध्ये त्यांना एक मेलेली म्हातारी पाहिजे होती. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी त्यांना दारातून घालवलं होतं.

मी हो म्हटलं. मास्तरांच्या मोबाइलमध्ये मेलं म्हणून खरं मरण लवकर येत नाही, एवढं मला कळतं. आणि खरं सांगायचं तर मेल्यावर कोण काय बोलतं ते मला ऐकायचं होतं. फुकटात ऐकायला मिळत होतं.

चित्रीकरण आमच्याच ओसरीत झालं. मास्तरांनी जमिनीवर सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "आजी, झोपा."

"कशाला?"

"तुम्ही मेलाय ना."

"आमी लिंगायत. आमच्यात मेलेलं माणूस निजत न्हाय, बसतं."

मास्तर बघतच राहिले. "आजी, बसलेली बाई मेलेली कशी वाटेल?"

"माझ्या मालकाला बसवूनच नेलं. ते काय जित्ते होते व्हय?"

मग मला भिंतीला टेकवून बसवलं. कपाळभर विभूती लावली, गळ्यात झेंडूचा हार घातला. मी कलंडू नये म्हणून छातीवरून पदराखाली दोरी घेऊन खुंटीला बांधली. डोळे मिटले. मी तयार होते.

रडायचं काम माझ्या धाकट्या जावेकडं होतं. ती शेजारीच राहते. गावात कुणी मेलं की तिला बोलावतात, तिचा हेल वेशीपर्यंत जातो. पण ऐन वेळी ती अडली.

"जित्या माणसाला रडू? तोंड झडंल माझं. म्या न्हाय."

बाकीच्या बायकाही मागं सरल्या. जिवंत माणसासाठी रडणारी बाई त्याच्या मरणाची वाट बघत असते असं आमच्याकडं मानतात. मास्तर हाता-पाया पडायला आले. मी दोरीनं बांधलेली, विभूती नाकात जातेय, शिंक दाबून बसलेली.

तेवढ्यात माझ्यासमोर कुणीतरी धप्पकन बसलं. डोळे मिटलेले असले तरी हाताचा वास कळला. शाळेच्या खिचडीचा. सून शाळेत खिचडी शिजवते.

आणि ती रडायला लागली. कानडीत.

मास्तरांनी जावेला मराठीत चार ओळी दिल्या होत्या, मायेची सावली गेली वगैरे. सुनेनं त्यातलं काही घेतलं नाही. कानडी मला येतं, माझी आई तिकडचीच. रडताना कानडीत तुम्ही-बिम्ही नसतं. ती म्हणत होती, अत्ती, तू उठून गेलीस, आता मी भांडू कुणाशी? अत्ती म्हणजे सासू. अत्ती, तू पडवीत धुरात बसलीस आणि मी आत गॅसवर पोळ्या लाटल्या, मला गावानं काय म्हटलं ते तुला ठाऊक नाही. लोणी मांजरानं खाल्लं, मी तुझ्या पायावर हात ठेवून सांगितलं, तू पाय ओढून घेतलास. आता मी कुणाच्या पायावर हात ठेवू? माझ्या हातची एक भाकरी तरी खाऊन जायची होतीस, अत्ती.

आणि तिनं माझे पाय धरले. मी ओढले नाहीत. मढं पाय कसे ओढणार?

गोड काही बोलली असती तर मी तिथंच उठून बसले असते, म्हणजे बसलेली होतेच, उठले असते. पण ती भांडत होती. भांडण खोटं नसतं असं मला तेव्हा वाटलं. त्या दिवशी रात्री मी पडवीतली चूल पेटवली नाही. आत जाऊन ताटावर बसले. तिनं वाढलं, मी खाल्लं. पुढंही तसंच चाललं. बरं चाललं.

मग धाराशिवची बातमी आली. मास्तरांचा पिक्चर निवडला होता. मास्तरांनी जीप केली. मी, सून, जाऊ आणि मास्तर असे गेलो. जावेनं पिक्चरमध्ये काही केलं नव्हतं, पण जीपमध्ये पुढं तीच बसली.

असले समारंभ मी टीव्हीवर पाहिलेत. हा त्यांचाच धाकटा भाऊ. पाहुणे फार उशिरा आले. ते आल्यावर त्यांचा सत्कार, मग ज्यांनी त्यांना आणलं त्यांचा सत्कार, मग माइकवाल्याचा राहिला म्हणून त्याचाही. परीक्षक तिघं. पिक्चर दाखवत होते तेव्हा त्यातला एक मोबाइल बघत होता, माझी नजर त्याच्यावरच होती. उत्कृष्ट चित्रपटाचं बक्षीस पाण्याच्या टँकरवरच्या पिक्चरला मिळालं. तो काढणारा पोरगा स्टेजवर गेला आणि पाहुण्यांना 'मामा' म्हणून पाया पडला. मी जावेला कोपर मारलं. उत्कृष्ट अभिनेता ढोकीकडचा एक ट्रॅक्टरवाला झाला. त्यानं दारुड्याचं काम केलं होतं. बक्षीस घ्यायला आला तेव्हाही तो तसाच चालत होता, त्यामुळं त्यात अभिनय किती ते परीक्षकांनाच ठाऊक. एका शेळीलाही उत्तेजनार्थ मिळालं, ते तिच्या मालकानं घेतलं. मढ्याला काही नव्हतं.

मग सुनेचं नाव. परीक्षकांतली बाई माइकवर म्हणाली, भाषा कळली नाही, पण वेदना कळली. निवेदकानं सुनेला थांबवून विचारलं, "ताई, एवढं खरंखुरं रडू तुम्हाला कसं आलं?"

सुनेनं पदर सावरला, खाली बघितलं आणि म्हणाली, "मास्तरांनी शिकवलं तसं रडले."

टाळ्या.

जाऊ माझ्या कानाला लागली. "ऐकलंस, अक्का? शिकवलं म्हन्ती. खिचडीच्या नावानं शाळंत रोज जाती, तिथंच झाली आसंल तालीम. घरातलं सगळं तिनं मास्तरला सांगितलं, त्यानं जुळवून दिलं, हिनं कानडीत म्हटलं."

"मास्तर तर म्हणत होते, तिनं त्यांच्या ओळी घेतल्या न्हाईत."

"म्हणायला काय जातं? बक्षीस कुनाला घावलं बघ की. तू मेलीस आन् तिला मिळालं."

परतीच्या वाटेवर ट्रॉफी सुनेच्या मांडीवर होती. हात वर केलेली सोनेरी बाई. मी नखानं खरवडून पाहिली. खाली पांढरं निघालं. सून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी पडवीतली चूल पेटवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, धुराचं. सून दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं, अत्ती?"

"काय व्हायचंय? माझी चूल हाय."

ती आत गेली. ट्रॉफी तिनं पिठाच्या डब्याशेजारी ठेवली होती. मला पडवीतून ती बरोबर दिसायची. आता मी सगळंच तपासायला लागले. ती माझ्यासाठी पाणी गरम करायची, तर वाटायचं, हेही शिकलेलं. मी खोकले की ती बाहेर डोकवायची, मी म्हणायचे, बघतीय, किती राहिलंय. तिच्या हातचं काही दिवस खाल्लेलं मला पोटात टोचायला लागलं. जाऊ रोज येऊन बसायची. "सांभाळून ऱ्हा गं अक्का," म्हणायची आणि माझ्याच चुलीवरचा चहा पिऊन जायची.

असे बरेच दिवस गेले. भाकरी करपत होती, मी खात होते. मुलगा एकदा पडवीत आला, चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत गेला.

मग एका दुपारी मास्तर आले. सून शाळेत होती. पिक्चर आता पुढच्या मोठ्या स्पर्धेला पाठवायचा होता, आणि तिथल्या लोकांना कळावं म्हणून खाली मराठीत अर्थ लिहायला लागणार होता.

"आजी, तुम्हाला कानडी येतं ना? तुमच्या सूनबाईंना विचारलं, त्या सांगतच नाहीत. लाजतात. म्हणतात, काढून टाका तेवढं."

त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. मी माझंच रडणं पुन्हा ऐकलं, म्हणजे माझ्यासाठीचं.

"हे बघा, इथं त्या सारखं बेण्णी, बेण्णी म्हणतात," मास्तर म्हणाले. "कोण ही बेण्णी? लेक आहे का तुमची? वारली का?"

मी मास्तरांचं तोंड नीट बघितलं. खोटं बोलणारं तोंड मला लगेच कळतं, म्हणजे निदान मला तसं वाटतं. हा माणूस खरंच विचारत होता. कानडीत बेण्णी म्हणजे लोणी, आणि त्या रडण्यात लोणी आहे हेच ज्याला माहीत नाही, त्यानं ते कुणाला शिकवलं असेल?

"तुम्ही तिला कायच शिकवलं न्हाय व्हय, मास्तर?"

"मी काय शिकवणार? त्या एकदम येऊन बसल्या. मी तर मोबाइल बंद करायला निघालो होतो."

"मग बेण्णी म्हंजी काय म्हणून लिवणार?"

"तेच तर विचारतोय."

"लिवा, लेक व्हती. वारली."

मास्तर हळहळले, बाकीचंही मी बेतानं सांगितलं तसं लिहून घेतलं आणि गेले. घरातलं लोणी मी धाराशिवच्या पुढं कशाला जाऊ देऊ?

संध्याकाळी सून आली. मी चूल पेटवली नव्हती. आत जाऊन पाटावर बसले. तिनं माझ्याकडं बघितलं, परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं.

"स्टेजवर मास्तरांनी शिकवलं म्हणून कशाला सांगितलंस?" मी विचारलं.

ती थापता थापता म्हणाली, "मग काय सांगू? एवढ्या माणसांत सांगू, सासू जित्ती हाय आन् मी खरंच रडले? लोक काय म्हणले असते, हिला घाई झालीय. तुमची जाऊ तर शेजारीच बसली व्हती."

हे मला सुचायला पाहिजे होतं. सुचलं नव्हतं.

तव्यावर भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली. मी कड मोडून बघितली. नीट भाजली होती.

"ते मांजर," मी म्हटलं. "खरंच मांजर व्हतं?"

"बोका व्हता. पांढरा."

"कुणाचा?"

तिनं शेजारच्या भिंतीकडं हनुवटी केली. जावेच्या घराकडं.

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तुमाला ऐकायला मरावं लागलं."

मी दुसरी भाकरी मागितली.

पडवीतली चूल अजून आहे. मी ती मोडली नाही. माणसाचा काही नेम नसतो, आणि सुनेचं रडणं मी तीनदा ऐकलंय, भांडण मात्र रोज ऐकते, त्यावरून जे कळेल ते कळेल. जाऊ हल्ली चहाला कमी येते. पण थंडीच्या दिवसांत त्या चुलीच्या राखेत एक बोका येऊन निजतो. जुन्याचंच बीज असणार, तसाच पांढरा. शिंकं मी खुंटीवरून काढून आणखी वर, आढ्याला बांधलंय, आणि तो तिथंच बघत असतो.