अकरा नावं

फर्माइशींच्या गठ्ठ्यात मळवलीचा शिक्का असलेलं एक पोस्टकार्ड होतं. नेहमीसारखं मी ते न वाचताच खालच्या खणात टाकलं. त्याचा कोपरा फाडलेला आहे हे तिसऱ्या दिवशी दिसलं... शंकरभाऊ गेले होते. दहावा हुकला, तेराव्याला कशीबशी पोचले. तिथं जे कळलं, त्याची लाज महिना झाला तरी जात नाही, म्हणून लिहिते आहे.

शंकरभाऊ म्हणजे मळवलीचे भोंगेवाले, आमचे शेजारी. लग्न असो, जत्रा असो, बैलगाडीत बॅटरी, ग्रामोफोन आणि झाडाला बांधायचा भोंगा घालून निघायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागे. नुसती रेकॉर्ड भाऊ कधी लावत नसत. आधी माइकला रुमाल गुंडाळायचा, दोन फुंकरा मारायच्या, मग गाणं कुणासाठी ते सांगायचं. "ह्ये गानं नवरीच्या आजीसाठी, लय लांबनं चालत आलीया!" परंदवडीच्या एका लग्नात त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मी घाबरून गाण्याचं नाव सांगितलं. भाऊ हसले. "अगं, गान्याचं नाव गानंच सांगतंय की. मान्साचं नाव घे!"

आज मुंबईच्या टेलिव्हिजनवर गाण्याआधी चार वाक्यं बोलायची मला नोकरी आहे, लोक रस्त्यात ओळखतात, ते सगळं भाऊंच्या त्या एका वाक्यावर. पण कुणी विचारलं तर मी 'पुण्याची', आणि बोलायला शिकले म्हणे कॉलेजच्या नाटकांत. काय थापा मारल्या मी!

मळवलीत चावडीसमोर टीव्ही आला आणि भाऊंची पत्रं सुरू झाली. गाणं कुठलंही चालेल, खाली अकरा नावं: ठकूबाई, धोंडाबाई, चिमाबाई... सगळी लोहगडवाडीची, दर आठवड्याला डोंगर उतरून मला बघायला येणारी माणसं. 'तू नाव घेशील म्हनून सांगितलंय मी सगळ्यान्ला,' एवढंच वर लिहिलेलं. मला कुणी अडवलं नव्हतं. मीच भ्याले. ही तुझी कोण गं, असं सोबतचे विचारतील, हसतील... मी आपली दादरच्या आणि डेक्कनच्या लोकांची नावं गोड आवाजात वाचत राहिले.

शेवटची भेट लोणावळा स्टेशनावर झाली. मी सहकाऱ्यांबरोबर सहलीला आलेली, हातात चिक्कीचे पुडे.

"पोरी, पत्रं मिळत्यात न्हवं?"

"नाही हो भाऊ. टपालात गहाळ होत असतील."

"व्हय, टपालाचा काय भरवसा न्हाई," म्हणाले, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेले. मी त्यांची ओळखसुद्धा करून दिली नाही. पुढच्या आठवड्यापासून पत्रं रजिस्टर करून यायला लागली. पोस्टमन पोचपावतीवर सही मागायचा, मी करायचे, आणि पाकीट खणात.

तेराव्याला ठकूबाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी. "लय उपकार झालं बाई तुजं. दर बारीला माजं नाव घेतलंस. आमाला कोन इचारतं गं!"

मला काही कळेना. भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, मला बाजूला घेतलं. टीव्हीचा आवाज गर्दीला पुरत नाही म्हणून भाऊंनी त्याला स्वतःचा भोंगा जोडला होता. मी पडद्यावर बोलायला लागले की ते बटण फिरवून माझा आवाज बंद करायचे. "मुंबईचा आवाज फाटतुया, ती काय म्हनतीया त्ये मी सांगतो," म्हणून माइकवर अकरा नावं घ्यायचे. ओठ माझे हलायचे, बोलायचे भाऊ.

मी ठकूबाईंकडे वळले. खरं काय ते सांगून टाकणार होते. वहिनींनी दंड घट्ट धरला. "ऱ्हाऊ दे. त्यांनी इतके दिस निभावलं, आता तू मोडू नगंस." ठकूबाईंचे आभार मी मुकाट्यानं घेतले.

निघताना वहिनींनी ग्रामोफोनच्या सुयांचा डबा हातात दिला. "माइकच्या शेजारी ठेवायचे. तुजाच हाय." घरी येऊन उघडला. सुया नव्हत्या. रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या होत्या, माइकला बांधायच्या त्याच रुमालात नीट गुंडाळलेल्या. एकूण एक परत आलेली, एकूण एक जपलेली. आणि प्रत्येकीवर माझी सही, चाहत्यांच्या वहीत करते तशीच, झोकदार.