राखाडे

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी एकलहऱ्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात कारकून होतो आणि संध्याकाळी मुलांच्या एका मासिकासाठी तीन भागांची अद्भुत कादंबरी लिहीत होतो. तिच्यात नदीपलीकडे राहणारी राक्षसांची एक जात होती. अंग करडं, डोळे लाल, बोलणं गुरगुरल्यासारखं. त्यांना मी 'राखाडे' म्हटलं. नाव इतकं आवडलं, की बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

दुसरा भाग छापून आला आणि राख विभागातला एक कामगार मासिक घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"साहेब, हे नाव कुठून आणलं?"

"सुचलं. का हो?"

"शाळेत पोरं माझ्या पोरीला राखाडी म्हणायला लागली. तिच्या बाकावर कुणी बसत नाय."

"अहो, ते सगळं काल्पनिक आहे," मी म्हणालो. मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. भुवयांवर राख, डोळे चुरचुरून लाल झालेले. तेव्हा मला आठवलं. लहानपणी आमच्या गल्लीतल्या नळावर वीटभट्टीचे मजूर हातपाय धुवायला यायचे. "आले राखाडे, घागर उचल," आई म्हणायची. नाव मला सुचलं नव्हतं. ते आमच्या घरातलंच होतं.

रविवारी मी त्या कामगाराच्या घरी गेलो. दहा वर्षांची मुलगी दाराला टेकून उभी होती. "माझी चूक झाली," मी तिला म्हणालो.

तिने विचारलं, "राखाड्यांना आई असते का?"

"तसं लिहिलं नाही मी."

"मग ते आले कुठून?"

"राखेतून," मी म्हणालो. तिच्या वडिलांनी मान खाली घातली.

सोमवारी शेवटचा भाग थांबवा म्हणून संपादकांना फोन लावला. पण तो अंक छापून टपालात पडला होता. त्यात राजपुत्र नदीचा बांध फोडून साऱ्या राखाड्यांना बुडवतो आणि गावात साखर वाटतात. ते मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं.

अंक आला त्याच महिन्यात मुलीला पिंपळगावला मामाकडे पाठवलं. वडील रजेचा अर्ज घेऊन यायचे, तेव्हा मी विचारायचो, "मुलगी कशी आहे?"

"बरी हाय," एवढंच.

पुढे कादंबरीचं पुस्तक काढण्याबद्दल पत्र आलं. मी नको म्हणून कळवलं. हे मुलीच्या वडिलांना सांगावं असं फार वाटायचं. पण कशासाठी सांगणार होतो? त्यांनी माफ करावं म्हणूनच ना? नाही सांगितलं.